जोडीदाराला अचानक हार्ट अटॅक आला, आता घरी आणलंय: पहिल्या दिवसापासून काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

दहा महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांना पहाटे अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसला, पाचव्या दिवशी घरी आलो. तेव्हापासून इथे सोलापुरात ओळखीपाळखीत कुणाच्या घरी असं झालं की मला फोन येतो. जुळे सोलापूरमधून येतो, अशोक चौकातून येतो, आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो: "तेल कुठलं वापरू?"

तेलाचा प्रश्न सहावा आहे. त्याआधी पाच गोष्टी आहेत आणि त्यातल्या पहिल्या तिनांत झालेली चूक जिवावर बेतते. माणूस घरी आला की आपण स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो, कारण तिथलं आपल्याला कळतं. गोळ्यांचं पाकीट मात्र तसंच टेबलावर पडून राहतं. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या.

हे अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेल्यांसाठी लिहिलंय. बायपास झाली असेल तिथे काय वेगळं, ते त्या त्या जागी सांगितलंय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

## टप्पा १: डिस्चार्जच्या दिवशी, गाडीत बसण्यापूर्वी

डिस्चार्ज सकाळी सांगतात आणि बिल, औषधं, सही करता करता संध्याकाळ होते. तोवर सगळे थकलेले असतात. आम्हाला सात गोळ्या दोन मिनिटांत समजावल्या, मी "हो, हो" करत मान हलवली आणि घरी आल्यावर एकही आठवेना. म्हणून आदल्या दिवशीच वहीत प्रश्न लिहा आणि उत्तरं तिथेच, समोर उभं राहून लिहून घ्या.

विचारायचं ते हे:

- स्टेंट किती बसले, कुठल्या नसेत? दुसऱ्या नसेत ब्लॉक शिल्लक आहे का, त्याचं काय करायचं?
- हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे? कागदावर ते ईएफ म्हणून लिहिलेलं असतं. साधारण ५५ च्या वर असेल तर चांगलं. ४० च्या खाली असेल तर पाणी, मीठ आणि वजन यांचे नियम वेगळे लागतात.
- कुठली गोळी कुठल्याही परिस्थितीत बंद करायची नाही, आणि ती किती महिने?
- दिवसाला पाणी किती प्यायचं, काही मर्यादा आहे का?
- पुन्हा दाखवायला कधी यायचं आणि रात्री-अपरात्री फोन कुठे करायचा?

मग कागद. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं कार्ड किंवा स्टिकर, एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि डिस्चार्जच्या दिवशीचा ईसीजी. हा शेवटचा ईसीजी कुणी मागत नाही. अटॅक येऊन गेल्यावर पुष्कळदा ईसीजीत कायमचा बदल राहतो. पुढे कधी छातीत दुखलं आणि दुसऱ्या डॉक्टरांनी नवा ईसीजी काढला, तर तो बदल जुना की आजचा हे ताडायला हाच कागद लागतो. त्याचा नीट उजेडात फोटो काढा आणि तुमच्या मोबाइलमध्ये, मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवा.

सावध: विम्याच्या क्लेमसाठी मूळ कागद द्यावे लागतात. देण्याआधी सगळ्यांच्या दोन झेरॉक्स काढा.

उरलेला ब्लॉक पुढे उघडायचा असेल आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल, तर ते रुग्णालय योजनेत आहे का हे आधीच १५५३८८ वर किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण बिल भरून झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

## टप्पा २: त्याच रात्री गोळ्यांचा तक्ता

चहा नंतर घ्या. आधी पिशवी पलंगावर उलटी करा.

प्रत्येक पट्टीवर दोन नावं असतात. मोठ्या अक्षरात कंपनीचं, आणि बारीक अक्षरात खऱ्या औषधाचं. तक्ता बारीक अक्षरातल्या नावाने करायचा. चष्मा लावून, नाहीतर मोबाइलने फोटो मोठा करून वाचा. वहीत चार रकाने आखा: औषधाचं नाव, कशासाठी, किती वाजता, किती दिवस. "कशासाठी" हा रकाना सोडू नका. माहीत नसेल तर औषधांच्या दुकानात विचारून भरा.

मग घरातला जुना डबा काढा. आमची चूक इथेच झाली. ह्यांना बीपीसाठी आधीपासून गोळ्या होत्या, त्यात ॲस्पिरिनही होती. हॉस्पिटलने दिलेल्या नव्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) तिन्ही एकत्र होतं. हे सवयीने डब्यातली जुनी गोळीही घेत राहिले. चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं म्हणून मी पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर दोन्हीवर तेच नाव. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी जुनी बंद करायला सांगितली. रक्त पातळ करणारी गोळी दुप्पट गेली होती, चार दिवस. आता जुन्या गोळ्या आमच्या घरात राहत नाहीत.

स्टेंटनंतर बहुतेकांना रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या असतात: ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. अटॅकनंतर ही जोडी साधारण १२ महिने चालते. मधेच सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. "आता बरं वाटतंय" म्हणून, गावाला जाताना विसरली म्हणून, दात काढायचा म्हणून, कुणी काढा दिला म्हणून, कशासाठीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दंतवैद्याने थांबवायला सांगितली तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

घाबरून गोळी सोडली जाते ती अशा वेळी:

टिकाग्रेलॉरने काहींना मधेच दम लागल्यासारखं होतं. तो त्या गोळीचा दुष्परिणाम असू शकतो, पण दम दुसऱ्या कारणानेही लागतो, म्हणून डॉक्टरांना सांगायचं आणि तोवर गोळी चालू ठेवायची. रामिप्रिल या बीपीच्या गोळीने काहींना कोरडा खोकला येतो, ती बदलून मिळते. मेटोप्रोलॉलसारखी, हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी एकदम बंद केली तर छातीत दुखणं उलटू शकतं. अंगावर थोडे निळे डाग पडणं चालतं. शौचाला डांबरासारखं काळं होणं, उलटीतून रक्त येणं चालत नाही, लगेच दवाखाना.

सावध: गुडघा दुखला, पाठ दुखली म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका. या गोळ्या अटॅकनंतर हृदयालाही वाईट आणि रक्तस्रावही वाढवतात. ताप-दुखीला पॅरासिटामॉल चालेल का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. ॲसिडिटीची गोळी बदलतानाही विचारा, कारण ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं.

तपासा: एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. पट्टी संपायच्या दहा दिवस आधी नवी आणा. जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या खूप स्वस्त मिळतात. तिथून आणल्या की बारीक अक्षरातलं नाव आणि मिलिग्रॅम जुन्या पट्टीशी जुळवा. दर रविवारी संध्याकाळी कप्प्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरा. डबीत गोळी शिल्लक दिसली की चुकलेली वेळ लगेच कळते.

## टप्पा ३: पुन्हा दुखलं तर? दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी

पहिल्या दोन दिवसांतच हे करा. त्या क्षणी डोकं चालत नाही. तेव्हा वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत चिकटवा.

१. असाल तिथे बसवा. चालवू नका, जिना उतरवू नका.

२. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी, म्हणजे सॉर्बिट्रेट, दिली असेल तर बसवूनच एक द्या. तिने बीपी उतरतं, उभं असताना माणूस कोसळतो. आधीच घाम फुटून गरगरत असेल, बीपी कमी असेल तर देऊ नका.

३. घड्याळ पाहा. ५ मिनिटांत पूर्ण थांबलं नाही तर १०८. दुसरी गोळी किंवा ॲस्पिरिन चघळायला द्यायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा.

४. दार उघडं ठेवा, एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा, फाइल हातात घ्या.

लक्षणं फक्त छातीत डाव्या बाजूला दुखणं एवढीच नसतात. छातीवर दगड ठेवल्यासारखं, गळा आवळल्यासारखं, जबडा, पाठ, दोन्ही हात, नुसता दम, नुसता घाम, मळमळ. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. ह्यांना त्या पहाटे "गॅस झालाय" असंच वाटलं. ओवा दिला, सोडा दिला, पाऊण तास गेला. तो पाऊण तास मला अजून टोचतो. नस बंद असताना दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि मेलेला परत येत नाही.

आधीच शोधून ठेवायचं: रात्री अँजिओप्लास्टी होऊ शकते असं तुमच्या घरापासून जवळचं रुग्णालय कोणतं. प्रत्येक दवाखान्यात ही सोय नसते. तुम्ही जुन्या पेठेत राहत असाल तर रुग्णवाहिका आतपर्यंत येते का, नाहीतर कुठे थांबेल. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत मंदिर आणि होम मैदानाकडचे रस्ते वळवतात, तेव्हा कुठून जायचं. हे सगळं एका रविवारी मुलासोबत गाडीवर फिरून पाहिलं की झालं.

बेशुद्ध पडून श्वास थांबला किंवा अडखळत असेल, तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा. ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. एकदा कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या. वाचून हाताला अंदाज येत नाही.

सावध: दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. जिभेखालची गोळी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती खराब होते. तारीख संपली का ते बघत जा. आणि वायग्रासारखी गोळी (सिल्डेनाफिल, टाडालाफिल) घेतली असेल तर सॉर्बिट्रेट देता येत नाही, बीपी जीवघेणं उतरतं. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

## टप्पा ४: पहिले पंधरा दिवस

अँजिओप्लास्टी मनगटातून झाली असेल तर त्या हाताने पहिला आठवडा जड काही उचलायचं नाही. आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे पाण्याचा दिवस. काही दिवसांच्या अंतराने नळ येतो, कधी पहाटे, कधी रात्री, आणि घरातला पुरुष सवयीने उठतो: मोटर, पाइप, बादल्या. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. पाणी येण्याच्या आदल्या दिवशीच शेजारी, दीर, भाडेकरू, कुणालातरी सांगून ठेवा. आमचे हे आठव्या दिवशी पाणी आल्याच्या आवाजाने उठून पाइप ओढायला लागले होते. मी मागून जाऊन बोलले नाही, फक्त पाइप हातातून घेतला. ते तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "एवढंही करायचं नाही का आता?" एवढंच करायचं नाही, दोनच आठवडे, असं सांगितलं.

मनगटातून रक्त आलं तर हात वर धरून त्या जागी बोटांनी दहा मिनिटं घट्ट दाबा. जांघेतून झाली असेल तर आडवं झोपवून जोरात दाबा आणि १०८ ला फोन करा. जांघेवाल्यांनी पहिले काही दिवस उकिडवं बसायचं टाळावं. देशी संडास असेल तर खुर्ची-कमोड भाड्याने मिळतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने ताण येतो.

अंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून, आणि दाराला आतून कडी न लावता. पंधरा दिवस हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून टाका.

भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवा. आम्ही संध्याकाळी पाच ते साडेसहा ठेवली आणि दारावर लिहिलं. काहींना राग आला, नंतर गेला. येणारा प्रत्येक जण मायेनेच काहीतरी सांगतो: अर्जुनाची साल, लसणाचा काढा, ब्लॉक विरघळवणारं चूर्ण, दुधीचा रस. "डॉक्टरांना विचारून घेतो" एवढंच म्हणायचं आणि खरंच विचारायचं. दुधी कडू निघाला तर त्याच्या रसाने विषबाधा होते, त्यात माणसं दगावलीत. लसणाच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात. जेवणातला लसूण ठीक आहे.

बायपास झाली असेल तर छातीचं हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर उचलणं, ढकलणं, ओढणं, दोन्ही हातांवर जोर देऊन उठणं बंद. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची.

### बाई आजारी असेल तर

हे वेगळं लिहायलाच हवं. पुरुषाला अटॅक आला की घर त्याच्याभोवती फिरतं. बाईला आला की चौथ्या-पाचव्या दिवशी ती ओट्यासमोर उभी असते, आणि कुणी अडवत नाही कारण तीच म्हणते, "मला काही होत नाही." भाकरी थापणं हे हलकं काम नाही. पीठ मळताना, थापताना खांदा, छाती, मनगट सगळं लागतं, वर चुलीची किंवा गॅसची धग. धुणं पिळणं, कुकर उचलणं, पाणी भरणं, सगळं तसंच. नवरा म्हणून तुमचं काम हे की पहिले दोन आठवडे ओट्याची जबाबदारी तिच्या तोंडून निघण्याआधी दुसऱ्या कुणावर दिलेली असावी. डबा लावा, भाकऱ्या विकत आणा, सोलापुरात भाकऱ्या करून देणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. "तू आराम कर" म्हणून स्वतः दुकानावर निघून गेलात तर ती उठणारच.

## टप्पा ५: चालणं

दोन प्रकारच्या चुका होतात. कुणी महिनाभर पलंगावरून उठू देत नाही. कुणी दहाव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून संभाजी तलावाला पूर्ण फेरी मारून येतो. दोन्ही नको.

डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिला आठवडा घरातल्या घरात, अंगणात: ५ मिनिटं, दिवसातून तीनदा. दुसऱ्या आठवड्यात १० मिनिटं, दोनदा. पुढे दर एक-दोन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत सलग ३० मिनिटं. पंपिंग कमी असेल तर हे सगळं आणखी हळू, डॉक्टर सांगतील तसं.

वेग किती? चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य पूर्ण करायला मधे थांबावं लागलं तर वेग जास्त झाला. पहिला महिना तुम्ही सोबत चाला, म्हणजे हे आपोआप कळतं.

जेवणानंतर तासभर नाही. मार्च ते जून सकाळी सातच्या आत घरी परत, कारण आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो आणि बीपीच्या गोळ्या चालू असताना घाम फार गेला की गरगरतं. खिशात जिभेखालची गोळी, मोबाइल आणि नाव-पत्ता-औषधं लिहिलेली चिठ्ठी.

थांबा: छातीत जडपणा, चक्कर, धडधड, नेहमीपेक्षा जास्त दम. लगेच बसायचं, आणि टप्पा ३.

## टप्पा ६: आता तेल, आणि त्याआधी मीठ

आजाऱ्यासाठी वेगळं उकडलेलं आणि बाकीच्यांना नेहमीचं, ही पद्धत महिनाभरही टिकत नाही. माणूस घरात वरण-भात खातो आणि बाहेर कोपऱ्यावर भजी. जे काही कमी करायचं ते सगळ्या घराचं करा.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळ्या पदार्थांतलं मिळून एक सपाट चहाचा चमचा. भाजीतलं मीठ आपण मोजतो. खरं मीठ असतं लोणचं, पापड, शेव-फरसाण, खारी, आणि आपल्या शेंगाचटणीत. शेंगदाणा हृदयाचा शत्रू नाही, चटणीतलं मीठ जास्त असतं. मी आता दाणे भाजून, जिरं, लसूण, तिखट घालून खलबत्त्यात बिनमिठाची कुटते. पहिल्या आठवड्यात ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग वाढताना वरून लिंबू पिळायला लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात विकतची चटणी त्यांना स्वतःलाच खारट लागली. जिभेला साधारण एवढेच दिवस लागतात. बाजारची चटणी आणायचीच असेल तर दिवसाला एक छोटा चमचा.

सावध: "हृदयासाठी चांगलं" म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याइतकं वाढू शकतं. विचारल्याशिवाय आणू नका.

तेल कुठलं यापेक्षा किती, हे महत्त्वाचं. माणशी महिन्याला अर्धा लिटर. चार माणसांचं घर असेल तर दोन लिटर. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा, महिना भरायच्या आत संपली की कुठे जास्त गेलं ते शोधा. शेंगतेल, करडई, सूर्यफूल, यातलं चालेल ते घ्या, अधूनमधून बदला. एकदा तळलेलं तेल पुन्हा तळायला वापरू नका. वनस्पती तूप आणि त्यात केलेली बेकरीची बिस्किटं बंद.

ज्वारीची भाकरी बदलायचं काहीच कारण नाही, तिच्यासारखं दुसरं नाही. डाळी, पालेभाज्या, फळं घ्या. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र पालेभाजीचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. मटण आम्ही महिन्यातून एकदा, चरबी काढून, तर्री न घेता. अंड्याचं, माशाचं तुमच्या डॉक्टरांशी बोला.

उपवास: श्रावणी सोमवार असो की आषाढी एकादशी, गोळ्यांना उपवास नसतो. ॲस्पिरिन रिकाम्या पोटी द्यायची नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवास करायचा की नाही हे आधी विचारा. पहिल्या वर्षी देवाला हात जोडले तरी पुरतं, असं मला वाटतं.

## टप्पा ७: तंबाखू

"सिगारेट सोडली, आता फक्त चुना-तंबाखू" हे चालत नाही. तोंडात धरलेल्या तंबाखूतलं निकोटिनही हृदयाचे ठोके आणि बीपी वाढवतं. मावा, गुटखा, मिश्री सगळं त्यात आलं. मिश्री लावणाऱ्या आयाबायांना हे सांगा, त्यांना ते व्यसनच वाटत नाही.

हॉस्पिटलात चार-पाच दिवस सुटलेली असते, तोच मुहूर्त. माणूस घरी येण्याआधी शर्टाचे खिसे, गाडीची डिकी, कारखान्यातला गल्ला, देव्हाऱ्यामागचा कोनाडा तपासा. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सोडायला मदत मिळते. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत जवळपास निम्मा होतो. घरात दुसरा कुणी ओढत असेल तर त्यानेही बाहेर जायचं.

## टप्पा ८: मन, दोघांचं

आमच्या घरी सगळ्यात उशिरा लक्ष गेलं ते इकडे.

अटॅकनंतर माणूस चिडतो, गप्प बसतो, कधी टीव्ही बघताना रडतो. पहिले काही दिवस हे होणारच. पण दोन आठवडे उलटून गेले, झोप नाही, कशात रस नाही, "माझं आता काय राहिलंय" असं बोलणं चालू असेल, तर ते आजारपणाचाच भाग समजून डॉक्टरांना सांगा. साधारण पाचातल्या एकाला अटॅकनंतर नैराश्य येतं आणि त्याने गोळ्या, चालणं, सगळंच सुटायला लागतं. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

कारण जागं कोण असतं? पहिला महिना मी रात्री तीनला उठून ह्यांच्या नाकापाशी बोट धरायची. श्वास लागला बोटाला की झोपायची, पुन्हा चारला उठायची. एकदा बोट तसंच होतं आणि ह्यांनी डोळे उघडले. अंधारातच म्हणाले, "अगं, आहे मी. झोप की." त्या दिवसापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आणि त्या सगळ्यांना सांगते.

त्यांच्या उशाशी एक घंटी. काही झालं तर वाजवायची, म्हणजे मला पाळत ठेवायला नको. "काही होतंय का?" हा प्रश्न मी दिवसातून दोनदाच विचारायचा, सकाळी आणि झोपताना. आणि त्यांनी खरं उत्तर द्यायचं, मला काळजी वाटेल म्हणून लपवायचं नाही. आठवड्यातून दोन रात्री मुलगा त्यांच्या खोलीत, मी दुसऱ्या खोलीत. चारचौघांत ताटावरून टोकायचं नाही, काय बोलायचं ते घरी आल्यावर.

स्वतःचं बीपी आणि साखर याच महिन्यात तपासून घ्या. माझं बीपी वाढलेलं निघालं, आणि मला वाटत होतं डोकं जागरणाने दुखतंय.

नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल कुणी विचारत नाही आणि डॉक्टर आपणहून सांगत नाहीत. मग दोघंही भीतीने कायमचं अंतर ठेवतात. साधा अंदाज असा: सलग दोन मजले जिना न थांबता, छातीत न दुखता, फार दम न लागता चढता आला, तर शरीर त्यासाठी तयार असतं. गुंतागुंत नसेल तर बहुतेकांना काही आठवड्यांत परवानगी मिळते. एकदा दोघांनी मिळून विचारा.

## टप्पा ९: काम, गाडी, प्रवास

बसून करायचं काम साधारण २ ते ४ आठवड्यांत, पहिले काही दिवस अर्धा दिवस. मागावर उभं राहून करायचं, गाठी उचलायचं काम असेल तर जास्त वेळ लागतो आणि त्याआधी डॉक्टर टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करून बघू शकतात. कारखान्यात उकाडा, आवाज आणि कापसाची धूळ असते, हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. त्यांच्यासमोर फक्त "धंदा" एवढंच लिहिलेलं असतं.

दुचाकी डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. बायपासवाल्यांना हाड जुळेपर्यंत नाहीच. प्रवासात गोळ्या हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही, आणि दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या.

## टप्पा १०: तपासण्या आणि तारखा

पहिली भेट बहुधा आठवडा-पंधरा दिवसांत. बरं वाटतंय म्हणून चुकवू नका. जाताना तक्ता, बीपीची वही आणि प्रश्न लिहून न्या. बीपी घरी मोजत असाल तर पाच मिनिटं शांत बसून, रोज त्याच वेळी. बहुतेकांसाठी १३०/८० च्या आत हे लक्ष्य असतं.

रामिप्रिलसारखी गोळी नव्याने चालू झाली असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम एक-दोन आठवड्यांनी. कोलेस्टेरॉल ४ ते १२ आठवड्यांत. त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली हवं, बरेच डॉक्टर ५५ च्या खाली धरतात. रिपोर्टवर छापलेली "नॉर्मल" मर्यादा अटॅक न आलेल्यांसाठी असते. "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलेली मी दोन घरांत पाहिली. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

पंपिंग कमी असेल तर रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत २ किलो वाढलं, पायावर सूज आली, झोपल्यावर दम लागून उठावं लागलं, तर तारखेची वाट न बघता फोन. फ्लूची लस दरवर्षी, डॉक्टरांशी बोलून.

पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर सख्खी भावंडं आणि मोठी मुलं, सगळ्यांनी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यायचं. आमचा मुलगा तिशीतला, टाळत होता. त्याला मी वडिलांच्या फॉलोअपच्याच दिवशी सोबत नेलं.

१२ महिने भरले की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक बंद करायची का, हे डॉक्टर ठरवतात. ॲस्पिरिन बहुधा पुढेही चालू राहते. ती तारीख डिस्चार्ज कार्डावरून मोजून आजच लिहून ठेवा, म्हणजे ना आधी बंद होईल, ना विसरून वर्षानुवर्षं चालू राहील. आमची दोन महिन्यांवर आलीय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी ती पेन्सिलीने लिहिलीय, कारण डॉक्टर ती पुढेही ढकलू शकतात.